भूत परदेशातलंच पाहिजे! : स्पेनचे जुने गॉथिक भयपट

रातपाळी (धागाकर्ता)

रातपाळीवाल्या माणसाचं एक दुखणं असतं. सुट्टीच्या दिवशीही रात्री तीनला डोळे टक्क उघडे. घरातले घोरतायत, वर पंखा कुरकुरतोय, मधूनच फ्रीज कण्हतोय. अशाच एका रात्री हेडफोन लावून 'ला नोचे देल तेरॉर सिएगो' बघायला घेतला. १९७२चा स्पॅनिश सिनेमा, दिग्दर्शक आमान्दो दे ओसोरिओ. बाहेर तो 'टूम्ब्ज ऑफ द ब्लाइंड डेड' म्हणून ओळखला जातो.

सुरुवातीला हसत होतो. एक मुलगी रुसून चालत्या आगगाडीतून उडी मारते, कारण सोबतचा मित्र तिच्या मैत्रिणीशी जरा जास्तच गोड बोलतोय. कथा म्हणून हे एवढंच. पण उतरल्यावर ती बॅग घेऊन चालत एका पडक्या मठापाशी पोचते आणि तिथून पुढे सिनेमा जवळजवळ बोलायचाच थांबतो. ती शेकोटी पेटवते. ट्रान्झिस्टर लावते. पुस्तक काढते. आपण तिच्याबरोबर तिथे बसून राहतो. मग बाहेर थडग्यावरची फरशी हलते आणि फटीतून हाडांची बोटं बाहेर येतात. अजिबात घाई नाही. सातशे वर्षं पडून असलेला माणूस उठेल तसेच ते उठतात, अंग आखडल्यासारखे.

हे टेम्पलर, म्हणजे मध्ययुगातले धर्मयोद्धे. अमरत्वासाठी अघोरी विधी करायचे म्हणून त्यांना फासावर लटकवलं आणि कावळ्यांनी डोळे टोचून नेले. म्हणजे ते आंधळे. आवाजावर शिकार करतात. घोड्यावर बसून येतात तेही स्लो मोशनमध्ये, फाटकी वस्त्रं हवेत, आणि मागे आंतोन गार्सिया आब्रिलचं ते घशातून काढल्यासारखं मंत्रपठण. मी हेडफोन काढून एकदा मागे बघितलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून चार महिन्यांत या गॉथिक, म्हणजे पडके मठ-किल्ले-थडगीवाल्या जातकुळीतले वीसेक सिनेमे झाले. स्पेनमध्ये याला 'फान्तातेरॉर' म्हणतात, बहर साधारण १९६८ ते १९७५. बघता बघता एक गोष्ट खटकायला लागली. पैसा स्पेनचा, दिग्दर्शक स्पेनचे, किल्ले-मठ स्पेनचे. भूत मात्र एकही स्पेनचं नाही! हे टेम्पलर पोर्तुगालचे. 'ग्रितोस एन ला नोचे' (१९६२) मधला मुली पळवणारा डॉक्टर ऑर्लोफ फ्रान्सचा. 'ला रेसिदेंसिया' (१९६९) मधली वसतिगृहाची कैदाशीण बाई, तीही फ्रान्सची. आणि सगळ्यात कडी म्हणजे नट पॉल नाशीचा लांडगा-माणूस. नाशीनं (खरं नाव हासिंतो मोलिना) पहिल्या खर्ड्यात त्याला स्पेनमधल्याच आस्तुरियासचा केला होता. सेन्सॉर म्हणालं, स्पॅनिश माणूस लांडगा होणार नाही. मग तो झाला वाल्देमार दानिन्स्की, पोलंडचा सरदार.

हुकूमशहा फ्रांकोचं राज्य होतं १९७५ च्या नोव्हेंबरपर्यंत. त्या राज्यात वाईट काही घडत नव्हतं म्हणे. घडलंच तर ते सीमेपलीकडे.

मला हे सिनेमे आवडायचं निम्मं कारण हे आहे. जे बोलायला बंदी होती ते वेष बदलून कसं आत शिरलंय, हे शोधत बघायचं. तुम्ही कुणी बघितलेत का? लिहा. 'रामसे बंधू यापेक्षा बरे' एवढंच म्हणायचं असेल तर ते मान्य आहे, लिहायची गरज नाही.

चहा_बिस्किट

एकच शंका. टेम्पलर थडग्यातून उठले, ठीक. घोडे कुठून उठले?

रातपाळी

@चहा_बिस्किट, हा प्रश्न पन्नास वर्षं जगभर विचारला जातोय. उत्तर नाही. घोडेही बिचारे फाटक्या झुली घालूनच हजर होतात.

खिडकीतली_बाई

'ला रेसिदेंसिया'चं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं.

हा सिनेमा मी तीनदा बघितलाय. तिन्ही वेळा मला माझं कॉलेजचं हॉस्टेल आठवलं. गाव सांगत नाही. आमच्या रेक्टरबाई घरून आलेली पत्रं उघडूनच हातात द्यायच्या, आणि देताना म्हणायच्या, 'वडिलांची तब्येत बरी आहे हो आता.' आपल्या आधी त्यांना कळलेलं असायचं. त्या वाक्यानं अंगावर काटा यायचा, तसा मला कुठल्याही कवटीनं आलेला नाही.

लिली पामरची मादाम फुर्नो तशी आहे. ओरडत नाही. किल्ल्यांचा जुडगा, ताठ पाठ, आणि मुलींवर खिळलेली नजर. मुली आंघोळ करतात तीही अंगात झगे घालून, आणि ही उभी राहून बघते. त्या दृश्यात काहीही 'होत' नाही.

दिग्दर्शक नार्सिसो इबान्येस सेरादोर. स्पेनमध्ये सगळे त्याला 'चिचो' म्हणायचे. टीव्हीवरच्या 'इस्तोरियास पारा नो दोर्मिर' (१९६६) या भयकथांच्या मालिकेमुळे तो घराघरांत माहीत होता, आणि पुढे त्यानंच तिथला सगळ्यात गाजलेला गेम शो काढला. म्हणजे एकाच माणसानं देशाला रात्री घाबरवलं आणि नंतर बक्षिसंही वाटली.

पण मला सांगायचंय ते भरतकामाच्या तासाबद्दल. लाकडं पुरवायला एक माणूस ठरावीक दिवशी येतो. त्या दिवशी एका मुलीची पाळी असते, मागच्या शेडमध्ये जायची. बाकीच्या वर्गात भरतकाम करत बसलेल्या. सगळ्यांना माहीत आहे आत्ता ती कुठे आहे. कुणी बोलत नाही. कॅमेरा फक्त हात, सुया, दोरे आणि ओठ दाखवतो. सुई कापडातून आरपार जाते, दोरा ओढला जातो, श्वास वाढत जातात. कपड्याला हात न लावता चिचोनं सेन्सॉरच्या नाकाखालून सगळं दाखवलंय. कडक सेन्सॉर नसता तर त्यानं ते सरळ दाखवलं असतं आणि आपण विसरून गेलो असतो.

शेवट सांगत नाही. पण माळ्यावर जाऊ नका.

दोन_रुपये

धागा छान आहे, पण तुम्ही लोक फार अर्थ काढता बुवा.

भुतं परदेशी का? कारण माल परदेशी विकायचा होता. सोपं आहे. टेम्पलरवाला सिनेमा पोर्तुगालच्या भागीदारीत झालाय, म्हणून गोष्ट पोर्तुगालमध्ये. 'ला रेसिदेंसिया'त बाहेरचे नट आहेत आणि तो शूटच इंग्रजीत झालाय, कारण जगभर लावायचा होता. 'ग्रितोस एन ला नोचे'चा दिग्दर्शक हेसुस फ्रांको (हुकूमशहाशी नातं नाही, बिचाऱ्याला आयुष्यभर हे सांगावं लागलं असेल) स्वतःच सांगायचा की एक सिनेमा सेन्सॉरनं अडवल्यावर त्यानं निर्मात्यांना ब्रिटिश हॅमर कंपनीचा ड्रॅक्युलापट दाखवायला नेलं आणि म्हणाला, असं काहीतरी करू. म्हणजे मूळ प्रेरणा काय? दुकान चालू राहिलं पाहिजे.

त्यातही दोन-दोन आवृत्त्या काढायचे. देशात दाखवायला बाई पूर्ण कपड्यांत, निर्यातीच्या प्रिंटमध्ये तीच बाई तेच संवाद म्हणतेय, फक्त कपडे गायब. याला बंडखोरी म्हणायचं का? आमच्याकडे आंबेवाले पेटीत वरच्या थराला वेगळा आंबा लावतात, त्यातलाच प्रकार.

रातपाळी

@दोन_रुपये, व्यापार होता हे शंभर टक्के मान्य. पण व्यापारी कारण आहे म्हणून दुसरं कारण उरत नाही असं थोडंच? दानिन्स्कीला पोलंडचा कुणी केला, वितरकानं की सेन्सॉरनं?

आणि टेम्पलर बघा ना. स्पेनच्या यादवी युद्धाला फ्रांकोचं सरकार 'क्रुसादा' म्हणायचं, धर्मयुद्ध. शाळेत पोरांना तेच शिकवलं जायचं. त्या देशात १९७२ साली एक माणूस सिनेमा काढतो, ज्यात क्रुसादातले योद्धे मेलेत, कुजलेत, आंधळे आहेत, पण आडवे पडायला तयार नाहीत. आणि मारतात कुणाला? मिनी स्कर्टमधल्या, रेडिओ ऐकणाऱ्या तरुण पोरांना. शेवटाकडे बेट्टी, म्हणजे ती सुरुवातीची मैत्रीण, श्वास रोखून उभी राहते. जराही आवाज करत नाही. तरी ते तिच्याकडे वळतात, कारण त्यांना तिच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. साउंडट्रॅकवर फक्त धडधड. जिवंत असणं हाच गुन्हा.

ओसोरिओच्या मनात हे होतं का, मला माहीत असायची गरज वाटत नाही.

दोन_रुपये

वा. म्हणजे लेखक मेला आणि टेम्पलर जिवंत.

प्रोफेसर_घुबड

उशिरा आलो. दोघांच्याही दाव्यात थोडं पाणी आहे, ते काढतो.

'स्पेनमध्ये स्पेनचं भूत चालत नव्हतं' हे सरसकट खरं नाही. एदगार नेविलचा 'ला तोरे दे लोस सिएते होरोबादोस' १९४४चा आहे, म्हणजे फ्रांको राजवट अगदी कोवळी आणि अगदी क्रूर असतानाचा. गोष्ट चक्क माद्रिदची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. बासिलिओ नावाचा भोळा जुगारी आहे. त्याला रूलेटच्या टेबलाशी एक एकाक्ष म्हातारा दिसतो, जो फक्त यालाच दिसतो आणि जिंकणारे आकडे सुचवतो. म्हातारा खून झालेला पुरातत्त्वज्ञ. मोबदल्यात म्हणतो, माझ्या पुतणीला सांभाळ. मग शहराच्या पोटात उतरत जाणारा एक उलटा मनोरा सापडतो, खाली अख्खं गाव, आणि तिथे कुबड असलेल्या माणसांची टोळी. ते भुयारी गाव कुणी खोदलं? देशातून हाकललेल्या पण न गेलेल्या ज्यूंनी. आता १९४४ साली हे पडद्यावर आणणं म्हणजे काय, विचार करा. मध्येच चुकून नेपोलियनचं भूत हजर होतं आणि 'मला बोलावलंत ना?' अशा थाटात उभं राहतं. विनोदाच्या पदराखाली बरंच काही झाकता येतं.

दुसरं, स्पॅनिश लांडगा-माणूसही पडद्यावर आला. पेद्रो ओलेआचा 'एल बोस्के देल लोबो' (१९७०). याला खरा आधार आहे. स्पेनच्याच गॅलिसिया भागातल्या मानुएल ब्लांको रोमासांता या फेरीवाल्यावर १८५३ साली खुनांचा खटला झाला. त्याचं म्हणणं, मी शापानं लांडगा होतो. फाशी झाली होती, राणी इसाबेलनं ती बदलली. आता गंमत अशी की ओलेआच्या सिनेमात केस उगवत नाहीत, चंद्र नाही, सुळे नाहीत. आहे तो अपस्माराचे झटके येणारा एक गरीब माणूस आणि त्याला लांडगा ठरवणारं गाव. म्हणजे धागाकर्त्यांचा मुद्दा मी थोडा वळवून मांडेन. अंगावर केस उगवणारा पोलंडचा पाहिजे. स्पेनचा असेल तर तो नुसता आजारी.

आणि टेम्पलर मुळात परदेशी नाहीतच. स्पॅनिश कवी बेकेरची १८६१ची एक दंतकथा आहे, सोरिया गावाजवळच्या डोंगराची. तिथे सर्वपित्रीसारख्या एका रात्री टेम्पलरांचे सांगाडे घोड्यांवर बसून निघतात. घोड्यांसकट! म्हणजे @चहा_बिस्किट, घोड्यांचं उत्तर बहुधा तिथेच सापडेल. स्पेनच्या शाळांत ही कथा वाचलेली पिढी थेटरात बसली होती. त्यांना पोर्तुगालचं लेबल लावलेला माल कुठला आहे हे कळत नसेल?

जाता जाता. ओसोरिओला त्याच्या टेम्पलरांना झाँबी म्हटलेलं खपायचं नाही. ममी म्हणा, म्हणायचा.

चहा_बिस्किट

घोड्यांचं उत्तर मिळालं. मी समाधानी आहे. धागा बंद करायला हरकत नाही.

कोकणचा_मुंजा

बंद कशाला, आत्ता कुठे मजा येतेय.

मी नाशीचा भक्त. भारोत्तोलक होता हो तो, स्पेनचा विजेता. म्हणून तर त्याचा लांडगा टेबलं, माणसं, दारं सगळं खरंखुरं उचलून फेकतो. लहानपणी थेटरात अमेरिकन लांडगा-माणूस बघितला आणि ठरवलं, आपण हेच व्हायचं. १९६८ चा 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो' त्यानं लिहिला तेव्हा भूमिका त्या अमेरिकन लांडगा-माणसाच्याच नटाला, लॉन चेनी ज्युनियरला विचारली होती. त्याला वयामुळे जमेना. मग हाच उभा राहिला. वितरकांना पोस्टरवर स्पॅनिश नाव नको होतं, तेव्हा पोप पॉल सहावे यांच्यातला 'पॉल' आणि इम्रे नॉज या हंगेरियन वेटलिफ्टरच्या आडनावावरून 'नाशी'. पोप आणि पैलवान! असं नाव धारण केल्यावर माणूस लांडगा नाही होणार तर काय होणार.

याच सिनेमाचं अमेरिकेत नाव काय ठेवलं? 'फ्रँकेन्स्टाइन्स ब्लडी टेरर'. सिनेमात फ्रँकेन्स्टाइन नाही. पण वितरकानं थेटरवाल्यांना फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमा कबूल केला होता, म्हणून सुरुवातीला एक तुकडा डकवला की त्या घराण्यावर लांडग्याचा शाप पडून ते 'वुल्फस्टाइन' झाले. आणि तुमच्या टेम्पलरांच्या सिनेमालाही तिकडे कुणीतरी प्रस्तावना जोडून ते माणसांवर सूड घ्यायला परतलेले वानर आहेत असं सांगितलं होतं. माकडांच्या सिनेमांची लाट होती ना तेव्हा. @दोन_रुपये, तुमची आंब्याची पेटी परवडली. यांनी पेटीवर आंबा लिहून आत फणस भरला.

नाशीचा लांडगा मला आवडतो कारण तो रडवा आहे. त्याला मरायचं असतं. पण त्याच्यावर खरं प्रेम करणाऱ्या बाईच्या हातूनच तो मरू शकतो. म्हणजे सुटका हवी तर आधी कुणीतरी जीव लावला पाहिजे, आणि जीव लावणारीनंच वार केला पाहिजे. एवढ्या स्वस्तातल्या सिनेमात एवढी महागातली कल्पना.

आता आपल्या कामाचं. 'ला रेबेलियोन दे लास मुएर्तास' (१९७३) बघाच. यात नाशी चक्क हिंदू स्वामी आहे. नाव कृष्ण! लंडनमध्ये आश्रम टाकलेला, अंगावर रेशमी अंगरखा, चेहऱ्याला तपकिरी रंग. त्याचा भाजलेला भाऊ कंटक, तोही नाशीच. मध्येच सैतान येतो. सैतान कोण? नाशी. हा कंटक मेलेल्या मुली उठवतो ते व्हूडू, म्हणजे हैतीकडचा जादूटोणा करून, म्हणजे काशीचं तिकीट काढून गाडी हैतीला. आणि हे सगळं चालू असताना मागे झकास जॅझ वाजतंय, जणू मढं उठत नसून कॉकटेल पार्टी आहे. आमच्या आजीनं बघितला असता तर स्वामींना दारातून आत घेतलं नसतं. मी हसून हसून दमलो. पण मुली स्लो मोशनमध्ये हसत हसत चालत येतात ना, तिथे हसू थांबतं.

आणि हो, १९७५ च्या एका सिनेमात दानिन्स्की हिमालयात जाऊन यतीशी कुस्ती खेळतो. हिमालय अर्थात पिरेनीज पर्वतातला.

भित्री_भागूबाई

मला रक्त बघवत नाही, पण वाचून मोह होतोय. कुठून सुरू करू? आणि स्पॅनिश ऑडिओ लावू की इंग्रजी? नवरा म्हणतो मूळ भाषेतच बघायचं, नाहीतर पाप लागतं.

खिडकीतली_बाई

नेविलचा कुबड्यांचा मनोरा. रक्त नाही, वर हसू येईल. मग 'ला रेसिदेंसिया', पण त्यात दोन-तीन जागी डोळे मिटावे लागतील. हरितगृहातला खून आहे, तिथे संगीत इतकं गोड आहे की डोळे मिटायचं राहून जातं आणि मग पस्तावायला होतं.

प्रोफेसर_घुबड

यजमानांना सांगा, पाप लागणार नाही. या सिनेमांना 'मूळ आवाज' असा नसतोच. सेटवर जर्मन बाई जर्मनमध्ये, इंग्रज इंग्रजीत, बाकीचे स्पॅनिशमध्ये बोलत आणि नंतर स्टुडिओत बसून सगळ्यांवर आवाज चढवत. खुद्द नाशीला स्पॅनिश आवृत्तीतसुद्धा बऱ्याचदा दुसऱ्याच नटाचा आवाज आहे. 'ला रेसिदेंसिया' इंग्रजीत बघितलात तर उलट ओठ जुळतील.

माझं म्हणाल तर मला ते न जुळणारे ओठ आवडतात. शरीर एकाचं, आवाज दुसऱ्याचा. झपाटलेपण आणखी वेगळं काय असतं?

पोस्टाची_पेटी

कुणी 'पानिको एन एल ट्रान्सिबेरियानो' म्हणजे 'हॉरर एक्स्प्रेस' (१९७२) बद्दल बोललंच नाही! हॅमरच्या ड्रॅक्युलापटांतले क्रिस्टोफर ली आणि पीटर कुशिंग दोघेही, वर टेली सावालास. दिग्दर्शक एउखेनिओ मार्तिन. १९०६ सालची पेकिंगहून मॉस्कोला जाणारी गाडी, खोक्यात एक गोठलेलं आदिमानवाचं धूड. सगळं माद्रिदमध्ये शूट केलंय. गाडीचं मॉडेल दुसऱ्या एका सिनेमासाठी बनवलेलं, तेच वापरलं. काटकसर बघा.

त्यावेळी कुशिंगची पत्नी जाऊन वर्षही झालं नव्हतं. तो सिनेमा सोडून परत निघाला होता आणि लीनं जुन्या मैत्रीच्या जोरावर त्याला थांबवून घेतलं. हे कळल्यापासून दोघांचे डब्यातले साधे साधे संवादही मला वेगळे दिसतात.

पण मी लिहायला घेतलं ते वेगळ्या कारणानं. वरचे सगळे प्रतिसाद वाचताना जाणवलं, की या लोकांना डोळ्यांचा काय सोस आहे? टेम्पलरांचे डोळे कावळ्यांनी नेले. ऑर्लोफचा नोकर मॉर्फो आंधळा, डोळे बटबटीत रंगवलेले. नेविलचं भूत एकाक्ष. आणि या गाडीतला राक्षस डोळ्यांत डोळे घालून समोरच्याची सगळी आठवण शोषून घेतो. माणूस पडतो तेव्हा बुबुळं पांढरी, उकडलेल्या अंड्यासारखी, आणि कवटी उघडली तर मेंदू गुळगुळीत, एक वळी नाही. कुशिंग त्या राक्षसाच्या डोळ्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तर त्यात त्यानं पाहिलेली चित्रं दिसतात. डायनासोर, आणि अंतराळातून दिसणारी पृथ्वी. कल्पना वेडगळ आहे, पण मी कधी विसरलो नाही.

रातपाळी

@पोस्टाची_पेटी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस सिनेमे बघून डोळे दिसले नाहीत, धन्य आहे माझी.

त्यात अजून एक घाला. १९७०च्या सुमारास हेसुस फ्रांको लीला घेऊन ड्रॅक्युला करत होता, तेव्हा त्याच सेटवर पेरे पोर्ताबेया नावाच्या कातालान दिग्दर्शकानं स्वतःचा कॅमेरा लावला आणि 'वाम्पिर-कुआदेकुक' केला. काळ्या-पांढऱ्यात, इतका करकरीत की चेहरे चुन्यासारखे दिसतात. संवाद नाहीत. ड्रॅक्युला शवपेटीत झोपलाय आणि बाजूला माणूस यंत्रानं कोळिष्टकं फवारतोय. हे बघून भीती जायला हवी, तर वाढते. सगळ्यात शेवटी ली मेकअपच्या खोलीत बसून सुळे काढतो, डोळ्यांतल्या लेन्स काढतो, आणि मूळ कादंबरीतला ड्रॅक्युलाच्या मरणाचा उतारा वाचतो. अख्ख्या सिनेमात ऐकू येणारा माणसाचा आवाज तेवढाच. त्या खोलीत म्हातारा होत चाललेला एक नट आहे आणि जुलमी सरदार मेल्याची बातमी तो वाचून दाखवतोय. स्पेनमध्ये, १९७० साली.

@दोन_रुपये, यात तरी अर्थ काढू द्याल ना?

दोन_रुपये

यात काढा. पोर्ताबेयानं घालूनच ठेवलाय, काढायला कष्ट नाहीत. मला त्रास होतो तो नसलेला काढता तेव्हा.

बाकी काल रात्री तुमचा आंधळा टेम्पलर बघितला. पाठीमागे बघितलं नाही. लाइट चालू ठेवून झोपलो, ते डासांमुळे.

मुक्काम_माद्रिद

वाचनमात्र होतो, पण हा धागा वाचून गप्प बसवेना.

टेम्पलरांचा तो पडका मठ खरा आहे आणि पोर्तुगालमध्ये नाही. माद्रिदच्या पश्चिमेला पेलायोस दे ला प्रेसा नावाचं गाव आहे, तिथला सान्ता मारिया ला रेआल दे वाल्देइग्लेसियास. बाराव्या शतकातला, सिस्टर्शियन संन्याशांचा. म्हणजे टेम्पलरांचा कधीच नव्हता. शेजारच्या सान मार्तिन गावात कोरासेरा किल्ला आहे, तोही या सिनेमांतून सारखा दिसतो. दोन्ही एका दिवसात होतात. जवळच सान हुआनचं मोठं धरण आहे, उन्हाळ्यात अख्खं माद्रिद तिथे पोहायला लोटतं, त्यामुळे भुतांच्या गावी जाणाऱ्या गाडीत तुमच्या शेजारी फुगवलेला प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो असू शकतो.

मागच्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती. तिला राजवाडा, प्रादो संग्रहालय वगैरे दाखवून झालं आणि मग माझी हौस म्हणून तिला इकडे आणलं. सिनेमाचं काही सांगितलं नव्हतं. आता डागडुजी बरीच झालीय, पण छप्पर नसलेला भाग तसाच आहे. कमानी उभ्या, वर आकाश, भिंतीच्या टोकावर करकोच्यानं काटक्यांचं हे एवढं घरटं केलेलं. मी खांबांमागे जाऊन, फोनवर सिनेमातली फ्रेम लावून कुठून कॅमेरा लावला असेल ते शोधत होतो. मुलगी जिथे शेकोटी पेटवते ती जागा मला सापडली असं अजूनही वाटतं.

परत आलो तर आई दगडावर बसलेली, पर्स मांडीवर, पदर डोक्यावरून. म्हणाली, 'इथे कुणी दिवा लावत नाही का रे?'

म्हटलं, नाही.

'मग चल. बाहेर बसू. कुणाच्या तरी झोपेत आलोय आपण.'

गाडीत बसल्यावर तिला सिनेमाची गोष्ट सांगितली. ती घोड्यांबद्दल काही बोलली नाही. डोळ्यांबद्दल विचारलं, कावळेच का म्हणून. मी म्हटलं, गोष्टच तशी आहे. तर म्हणे, 'मग त्यांच्यासाठी कुणी घास ठेवला नसणार.'

चहा_बिस्किट

@मुक्काम_माद्रिद, काकूंना नमस्कार सांगा. आणि कमानींचे फोटो टाका, करकोच्यासकट.